मदत हवी आहे: गिटारचा पिकअप घरीच बदलावा का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे एकेका कॉइलचे तीन पिकअप. खोलीत एकटा वाजवताना गोड लागते. पण मागच्या गणपतीत आमच्या तालमीच्या स्टेजवर ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा पेडल) दाबला आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिथल्या, पिकअपनं अशी घूंऽऽ लावली की साउंडवाल्यानं दोनदा मान वर करून बघितलं. शिवाय आवाज पातळ, कीबोर्ड सुरू झाला की पार बुडतो.

म्हणून ब्रिजला सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाकायचं डोक्यात आहे. दोन कॉइल एकमेकींची घूं मारतात (गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ सालीच याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता), आणि या मापाचा घेतला की लाकूड कोरायला नको.

इथं दुकानात विचारलं तर, "पुण्याला पाठवावी लागंल, पंधरा दिवस धरा." मिरज जवळ आहे, पण तिथले कारागीर सतार-तंबोऱ्याचे, त्यांना पॉट (आवाज-टोन कमीजास्त करायच्या बटणांखालचे भाग) आणि स्विच कुठं दाखवू?

काल रात्री धीर करून पिकगार्ड (पिकअप बसवलेला वरचा प्लास्टिकचा पत्रा) उघडलं. ११ स्क्रू, सगळे चहाच्या कपात टाकले. खाली २५० के (किलोओहम) चे तीन पॉट, पाठीवर बुंदीएवढाले सोल्डरचे गोळे. जॅकवर मीटर लावून बघितलं: तिन्ही पिकअप ६ किलोओहमच्या आसपास. म्हणजे मेलेलं कुणीच नाही.

वडिलांची २५ वॅटची सोल्डर गन आहे. जुन्या रेडिओतल्या पॉटच्या पाठीवर हात बसवून बघितला, तर सोल्डर अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळलं. आता भीती वाटायला लागलीय. घरी करू का? आणि हंबकरला २५० के चे पॉट चालतील का?

प्रतिसाद १
भावा, आधी पैसे घालू नकोस. तारांना हात लावला की घूं कमी होते का? होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. मग स्विच दोन नंबरला टाक, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र. बऱ्याच गिटारींत मधला उलटा गुंडाळलेला असतो. तिथं शांत आणि एकट्या ब्रिजवर घूं, तर तो सिंगल कॉइलचा स्वभावच, हंबकरनं जाईल. दोन्हीकडं सारखीच असेल तर घरातलं अर्थिंग, डिमर बघ. आणि पातळ आवाजासाठी पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून तो तारांजवळ घे. फुकटचा उपाय आहे, तरी लोक शेवटी करतात.

प्रतिसाद २
२५ वॅटची पॉटच्या पाठीला पुरत नाही. तेवढा पत्रा उष्णता ओढून घेतो. ४० ची घ्या, पाठ आधी सँडपेपरनं घासा, चटकन टेकवून उचला. कमी वॅटची धरून बसलात तर पॉट आतून भाजतो. २५० के राहू द्या, आवाज थोडा दबेल, पण तुमचा तर पातळच आहे.

खरा घोळ वायरींच्या रंगात. सेमोर डंकनची काळी हॉट (आवाज नेणारी), हिरवी आणि उघडी (बिनआवरणाची) ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरीची जोडी. दुसऱ्या कंपनीचा नकाशा बघून लावू नका. लावल्यावर दोन नंबरचा आवाज नाकातून आला तर फेज उलटी, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज कापतायत: हॉट आणि हिरवीची अदलाबदल करा, उघडी मात्र ग्राउंडलाच.

धागाकर्ता
सगळं परत बसवून तपासलं. हात लावल्यावर कमी होते, दोन नंबरला जवळजवळ गप्प, एकट्या ब्रिजवर घूं. पिकअप दोन आटे वर घेतला, आवाजात जरा जीव आला. घूं आहेच. तेव्हा हंबकर मागवतोय, घरीच लावणार. तो येईपर्यंत ४० ची गन घेऊन रेडिओच्या पॉटवर सराव. हॉट वायर स्विचवर जुन्या ब्रिजच्या जागीच ना?

प्रतिसाद २
तिथंच. उकलायच्या आधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा. आणि पुढच्या वेळी स्क्रू कपात नको, डबीत ठेवा.