शब्दचर्चा: ‘नकली’ बाहुली, ‘बनावट’ बाहुली की ‘तोतया’ बाहुली?

एका बाहुलीकार मैत्रिणीसाठी मजकूर लिहायला घेतला आहे आणि एका शब्दापाशी अडकले आहे. ती नवजात बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या करते. जगभर त्यांना ‘रीबॉर्न’ म्हणतात. प्रत्येक बाहुलीसोबत एक प्रमाणपत्र जातं. त्यावर मूळ शिल्पकाराचं नाव, आवृत्तीतला क्रमांक आणि रंगवणाऱ्या कलाकाराची सही असते. मागच्या बाजूला तिला ग्राहकांसाठी चार ओळी हव्या आहेत, कारण तिचे फोटो लावून भलत्याच बाहुल्या विकल्या जात आहेत.

मी पहिली ओळ लिहिली, ‘नकली बाहुल्यांपासून सावध राहा.’ तिनं ती वाचली आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाली, ‘अगं, बाहुली नकलीच असते. माझीसुद्धा. मी कुठे खरं बाळ विकते?’

तेव्हापासून विचार करते आहे. ‘खोटी’ लिहिलं तरी तीच अडचण. ‘डुप्लिकेट’ म्हणावं तर डुप्लिकेट किल्ली आपण सरळ मनाने करून घेतो, त्यात कुणाची फसवणूक नसते. जी बाहुली स्वतःच कुणाची तरी हुबेहूब प्रतिमा आहे, तिच्या चोरीच्या प्रतिमेला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

‘बनावट’ लिहा. नकली दागिने घालणारी बाई कुणाला फसवत नसते. ‘नकली’ला खऱ्यासारखं दिसणारं, एवढा निरुपद्रवी अर्थ आहे. बनावट नोट, बनावट सही, बनावट दाखला यांत मात्र फसवण्याचा हेतू शब्दातच बसलेला आहे.

प्रतिसाद

‘बनावट’शी सहमत, पण मूळ अडचण ‘नक्कल’ या शब्दात आहे, त्यामुळे तिथे थोडं थांबावंसं वाटतं.

‘नक्कल’ अरबीतून आला. तिथे ‘नक्ल’ म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं, उतरवून घेणं. त्यात चोरी नव्हती. कचेरीच्या मराठीत दस्ताची ‘खरी नक्कल’ मिळते आणि तिच्यावर शिक्काही असतो. म्हणजे नक्कल खरी असू शकते. ‘अस्सल’सुद्धा अरबीच, ‘अस्ल’ म्हणजे मूळ. जुन्या कागदपत्रांत अस्सल आणि नक्कल ही नुसती जोडी आहे, एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही. नक्कलेला आजचा हिणकस वास नंतर चिकटला.

‘प्रत’ त्याहून मजेशीर. पुस्तकाची प्रत म्हणजे कॉपी आणि ‘उत्तम प्रतीचा’ म्हणजे चांगल्या दर्जाचा. बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जो माल खपवतात, तो या दोन अर्थांच्या सांध्यावरच उभा आहे. चोरलेल्या वस्तूला प्रतवारी लावली की ती चोरी वाटेनाशी होते. मला तो शब्दप्रयोग फार वाईट वाटतो.

आणि ‘हुबेहूब’. फारसी वळणाचं ‘हू-ब-हू’, ‘तो तसाच तो’. बाहुली बाळासारखी हुबेहूब झाली तर ती कलाकाराची स्तुती. दुसरी बाहुली त्या बाहुलीसारखी हुबेहूब झाली तर तो पुरावा. शब्द तोच, पण पहिल्यात समोर जीव आहे आणि दुसऱ्यात माल. तुमच्या मैत्रिणीनं कागद परत सरकवला तो याच फरकामुळे, असं मला वाटतं.

प्रतिसाद

मी स्वतः नऊ वर्षं या बाहुल्या करते, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे एकच शब्द शोधताय, पण आमच्याकडे घडणारे प्रकार वेगवेगळे आहेत.

आधी काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे ‘मूळ’ कशाला म्हणायचं ते कळेल. शिल्पकार मातीसारख्या पॉलिमर क्लेमध्ये डोकं, हात, पाय घडवतो. त्यावरून धातूचा साचा होतो आणि साच्यातून व्हायनिलचे (हे एक मऊसर प्लास्टिक) कोरे अवयव निघतात. त्याला आम्ही किट म्हणतो. अशी पाचशे, हजार किटं काढून आवृत्ती बंद करतात. म्हणजे माझ्या हातात येतं ती एक प्रतच असते, पण शिल्पकाराच्या संमतीची. त्यावर मी रंग चढवते. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो, म्हणून प्रत्येक थरानंतर अवयव साधारण १३० अंश सेल्सियसला काही मिनिटं भाजून घ्यावे लागतात. आधी त्वचेखालची निळसर-लाल झाक, मग शिरा, मग गालांची आणि टाचांची लाली, नाकावरचे पांढरे बारीक ठिपके, नखांच्या कडा. असे वीस-पंचवीस हात होतात.

मग केस. मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस, बारीक खाचा असलेल्या सुईने एकेका छिद्रात एक किंवा दोन असे रोवायचे. या कामातले इंग्रजी शब्द आम्ही सर्रास वापरतो, पण बाळाच्या अंगाची मराठी किती नेमकी आहे पाहा: जावळ, लव, टाळू, भोवरा, वळ्या, खळी. भोवरा जमला नाही तर सगळं डोकं टोपासारखं दिसतं. प्रत्येक केस कोणत्या कोनात शिरतो त्यावर तो फिरतो की नुसता विस्कटतो ते ठरतं. शेवटी डोक्यात आणि कापडी अंगात काचेचे बारीक मणी भरतात. वजन असं बसवायचं की उचलताना हात आपोआप मानेखाली गेला पाहिजे. आम्ही म्हणतो, ‘हिनं अजून मान धरलेली नाही.’ कुणी बाहुली घेताना तसा हात नेला की माझं काम झालं.

आता चोरीचे प्रकार. एक, विकत घेतलेल्या किटवरूनच नवा साचा करून अवयव काढायचे. याला ‘रीकास्ट’ म्हणतात. सांध्यांच्या रेझिन बाहुल्या करणारेही हाच शब्द वापरतात. व्हायनिल साच्यातून निघून थंड होताना आक्रसतं, म्हणून अशी बाहुली मूळ किटपेक्षा थोडी लहान भरते. ओठांवरच्या रेषा आणि तळव्यावरच्या सुरकुत्या बुजतात. मानेच्या मागे शिल्पकाराचं कोरलेलं नाव असतं, तिथे नुसता खडबडीत पट्टा राहतो किंवा नाव खरवडून टाकलेलं असतं. मी पहिल्यांदा असं किट हातात घेतलं तेव्हा अंगठा मानेवरून फिरवला आणि तिथे काहीच लागलं नाही. तो स्पर्श अजून आठवतो.

दुसरा प्रकार मला जास्त झोंबतो. एका विक्रीच्या पानावर मला माझाच फोटो दिसला. माझी खिडकी, माझं पांघरूण, मी वीस दिवस बसून रोवलेला भोवरा. ज्यांनी तिथून मागवली त्यांना कारखान्यात काढलेली, रंगवलेल्या केसांची, टणक अंगाची बाहुली मिळाली. त्यांतल्या एकीनं मला शोधून काढलं आणि मलाच जाब विचारला. माझ्या बाहुलीची तिथे कुणी नक्कल केलीच नव्हती. नक्कल करायला निदान मूळ वस्तू निरखावी लागते. तिथे फक्त मी आहे असं भासवलं होतं. याला ‘नकली’ म्हणणं म्हणजे त्यांना नसलेल्या मेहनतीचं श्रेय देणं.

प्रतिसाद

ताई, तुम्ही केलेला भेद आंतरराष्ट्रीय करारातही आहे. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स करारात (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेच्या हक्कांबाबतचा करार) ५१व्या कलमाच्या तळटीपेत दोन वेगळ्या व्याख्या आहेत. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह परवानगीशिवाय लावलेला माल एक, आणि हक्कधारकाच्या संमतीविना काढलेली प्रत दुसरी. पहिल्याला ‘बनावट’ शोभतो. दुसऱ्यासाठी मराठीत चांगला शब्द आहे, ‘चोरटी’. चोरटी आवृत्ती आपण पुस्तकांबाबत म्हणतोच. रीकास्टला ‘चोरटी प्रत’ म्हणा, अर्थ लगेच पोचतो.

बाहुलीकारांसाठी एक दाखलाही देतो. जर्मनीच्या केटे क्रूझे यांनी १९१० मध्ये बर्लिनमधल्या एका प्रदर्शनात स्वतः केलेल्या कापडी बाहुल्या मांडल्या आणि तिथून त्यांचा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्या बाहुल्यांच्या डाव्या तळपायावर सही आणि क्रमांक असे. बिंग या मोठ्या खेळणी कंपनीने तशाच बाहुल्या काढल्या, तेव्हा त्या कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. खेळणं म्हणून केलेल्या वस्तूलाही कलाकृतीचं संरक्षण मिळू शकतं, हे त्या निकालाने मान्य केलं.

प्रतिसाद

एक शंका मोकळेपणाने विचारतो. ‘रीबॉर्न’ हे नाव मुळात कसं पडलं? १९९०च्या दशकात अमेरिकेत काही जणींनी कारखान्यातल्या व्हायनिल बाहुल्या आणून त्यांचा रंग उतरवला, केस-डोळे काढले आणि नव्याने घडवल्या. म्हणजे या कलेची सुरुवातच दुसऱ्याच्या बाहुलीवर झाली. मग रीकास्ट करणाऱ्याला चोर म्हणायचा अधिकार कुठून येतो?

प्रतिसाद

(वरची बाहुलीकार.) शंका रास्त आहे. पण त्यांनी एक बाहुली विकत घेतली आणि एकच बाहुली केली. ज्यानं ती घडवली त्याला तिचे पैसे मिळाले होते, आणि ‘ही सगळी मीच घडवली’ असं सांगून कुणी ती विकत नव्हतं. रीकास्टमध्ये एका किटची शंभर होतात आणि शिल्पकाराचं नाव खरवडलं जातं. दुसऱ्याच्या वस्तूवर काम करणं आणि दुसऱ्याला पुसून टाकणं यांत अंतर आहे. आजही मी फक्त रंगवते, शिल्प माझं नसतं, आणि प्रमाणपत्रावर शिल्पकाराचं नाव माझ्या नावाच्या वर असतं.

प्रतिसाद

फोटो चोरणाऱ्यासाठी मी ‘तोतया’ सुचवते. पानिपतानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणून जो पुढे आला, त्याला इतिहास ‘भाऊंचा तोतया’ म्हणतो. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तोतया कुणाचं काम उतरवून घेत नाही, तो त्याच्या जागी जाऊन बसतो. ज्यांना विश्वास ठेवायचा असतो त्यांच्या ओढीवर तो जगतो. ताईंनी सांगितलेला प्रकार अगदी हाच आहे.

प्रतिसाद

तोतया माणूस असतो, वस्तू नाही. ‘तोतया बाहुली’ कानाला खटकतं.

प्रतिसाद

म्हणून ‘तोतया विक्रेता’ म्हणावं. बाहुलीला दोष देऊ नये, ती बिचारी जशी आहे तशी आहे. (शिवाय ‘बाहुली’ हा शब्द डोळ्यातही आहे. समोरच्या माणसाची इवलीशी प्रतिमा बुबुळात दिसते म्हणून डोळ्याची बाहुली. संस्कृतात ‘कनीनका’ म्हणजे मुलगी आणि तीच डोळ्यातली बाहुलीही. या शब्दात पाहणारा आणि प्रतिमा पहिल्यापासून एकत्र आहेत. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

प्रतिसाद

चोरीच्या शब्दांवर बरंच झालं. जे चोरीला जातं त्याचा शब्द कुणीच काढला नाही. ‘कलात्मक ओळख’ हे शब्द मला कोरडे वाटतात. ‘शैली’ बरा. तो ‘शील’वरून आलेला, म्हणजे स्वभावाच्या जवळचा. पण बोलताना आपण म्हणतो ‘हात’. ‘याचा हात ओळखू येतो.’ ‘हात बसला.’ आणि वर ताईंनी सहज लिहिलं, ‘वीस-पंचवीस हात होतात.’ रंगाच्या थरालाही मराठीत हातच म्हणतात. साचा पळवला, फोटो पळवला, तरी त्या पंचवीस हातांतला कोणता कधी थांबवायचा हे ज्याला कळतं, तो त्याचा हात.

तसंच ‘हस्तनिर्मित’ या शब्दाचं बघा. रीकास्टही कुणीतरी हातानेच रंगवतो, त्यामुळे तोही ते लेबल लावू शकतो आणि ते खोटं ठरत नाही. ‘हस्तनिर्मित’ फक्त एवढंच सांगतो की यंत्राने नाही केली. ‘हातची’ हा शब्द मात्र एकटा उभा राहत नाही, त्याच्या आधी कुणाचं तरी नाव लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मैत्रिणीकडे जाऊन आले. मागच्या ओळी आता अशा आहेत:

‘या बाहुलीच्या चोरट्या प्रती निघतात. मानेच्या मागे शिल्पकाराचं कोरलेलं नाव बोटाला लागलं पाहिजे. माझे फोटो वापरणारे तोतया विक्रेते आहेत. शंका आल्यास बाहुली घेण्याआधी मला विचारा.’

‘नकली’ कुठेच ठेवला नाही. ‘बनावट’ही या ओळींत नाही, तो फक्त प्रमाणपत्राबद्दल बोलताना वापरायचं ठरलं, कारण खोटी सही केलेली प्रमाणपत्रंही निघू लागली आहेत आणि तिथे तोच शब्द नेमका आहे. ‘रीबॉर्न’ला मराठी शब्द सापडला नाही. ‘पुनर्जात’ सुचला होता, पण तिला तो जड वाटला, आणि मलाही. कुणाला सुचला तर जरूर लिहा.

पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘हस्तनिर्मित’ होतं. तुमची चर्चा मी तिला वाचून दाखवली, तेव्हा तिनं पेन घेऊन तो शब्द खोडला आणि खाली लिहिलं, ‘________ यांच्या हातची’. मी म्हटलं, तुझं नाव छापूनच घेऊ. ती नको म्हणाली. ती जागा कोरीच छापायची, आणि बाहुली पुरी झाली की तिनं स्वतः शाईने भरायची.