पाण्याचं रॉकेट वाऱ्याच्या दिशेलाच वळतंय, नेमकं काय बदलू? (कोल्हापूर)

बावड्याची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे. दोन महिने झाले, आम्ही दोघी मिळून पाण्यावर आणि हवेच्या दाबावर उडणारं रॉकेट बनवतोय. कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची बाटली, पुठ्ठ्याचं नाक आणि निवडणुकीच्या बोर्डाचं जुनं सनपॅक शीट कापून केलेले चार पंख. लांबी ६२ सेंमी, बाटलीचा व्यास ११ सेंमी, रिकामं वजन १५० ग्रॅम. निम्मी बाटली पाणी भरतो आणि सायकलच्या पंपाने ४० पीएसआयपर्यंत हवा मारतो. लाँचर ओळखीच्या प्लंबरदादांनी करून दिला.

तीनदा उडवलं, तिन्ही वेळा दुपारी चारच्या सुमारास.

पहिल्यांदा सुटलं छान, पण दहा-बारा मीटरवर पश्चिमेला वाकलं. वारा पश्चिमेचाच होता, म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडेच तोंड करून गेलं. शेजारच्या उसात पडलं. अर्धा तास शोधलं, पाल्याने दोघींचे हात चिरले.

दुसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं म्हणून नाकात ८० ग्रॅम क्ले भरली. आधीपेक्षा जास्त वाकलं आणि उंचीही कमी.

तिसऱ्यांदा क्ले काढली आणि वारा कमी लागावा म्हणून पंख कापून निम्मे केले. सात-आठ मीटरवर कोलांट्या खात खाली. एक पंख मोडला, आणि लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत. नेमकं काय चुकतंय? पॅराशूट कसं उघडावं? आणि शहराजवळ उडवायला बरी जागा कोणती?

रंकाळा_वॉकर

ताई, नाक जड पाहिजे हा साधा नियम आहे. ८० ग्रॅमने भागलं नसेल तर १२० करून बघा.

पेठेतला_मास्तर

वॉकरभाऊ, थांबा जरा. इथे नाकातलं वजन वाढवलं तर दुखणं वाढेल. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी मुलांसोबत अशी पाच-सहा रॉकेटं उडवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या रॉकेटला दोन वेगवेगळे आजार झालेत. पहिली दोन उड्डाणं आणि तिसरं उड्डाण यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकाचं औषध दुसऱ्याला दिल्यामुळे घोळ झालाय.

रॉकेटमध्ये दोन बिंदू बघायचे. एक गुरुत्वमध्य, म्हणजे बोटावर आडवं धरलं की जिथे तोललं जातं ती जागा. दुसरा दाबकेंद्र, म्हणजे बाजूने येणारी हवा सगळी मिळून जिथे ढकलते ती जागा. गुरुत्वमध्य नाकाकडे आणि दाबकेंद्र शेपटाकडे असेल तर रॉकेट जरा तिरकं झालं की हवाच त्याला सरळ करते. दोन्हींमध्ये निदान एक व्यास अंतर हवं, तुमच्या बाटलीला ११ सेंमी. दिवाळीतल्या बाणाला लांब काडी का असते? काडीमुळे दाबकेंद्र खूप मागे जातं. काडी मोडलेला बाण कसा सैरावैरा पळतो ते आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. तुमचं तिसरं उड्डाण म्हणजे काडी मोडलेला बाण.

पहिल्या दोन उड्डाणांत मात्र रॉकेट स्थिर होतं. लाँचरवरून हळू सुटलं, त्यात बाजूचा वारा. वर जाण्याचा वेग आणि आडवा वारा मिळून हवा तिरकी समोर येते, आणि स्थिर रॉकेट इमानाने त्या हवेकडे तोंड करतं. वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट फिरतो तसंच. त्या दोन बिंदूंमधलं अंतर जितकं जास्त, तितकं ते लवकर वळतं. क्लेमुळे अंतर वाढलं, वजन वाढून वेग कमी झाला, दोन्हींनी मिळून ते जास्त वाकलं.

मग हळू का सुटलं? निम्मी बाटली म्हणजे लिटरभराहून थोडं जास्त पाणी. दीडशे ग्रॅमच्या रॉकेटवर किलोभराहून जास्त ओझं, आणि दाब फक्त ४०. पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, ६०० ते ७०० मिली. शिवाय पाणी आत असेपर्यंत गुरुत्वमध्य पार मागे पंखांजवळ असतो. तेवढा क्षण रॉकेटला आधार फक्त लाँचरच्या नळीचा. नळी बाटलीत किती आत जाते?

दाबकेंद्र शोधायला जाड पुठ्ठ्यावर रॉकेट आडवं ठेवून पंखांसकट बाह्याकृती गिरवा, कापा आणि फूटपट्टीच्या धारेवर तोला. जिथे तोल साधेल ते ढोबळ दाबकेंद्र. ही पद्धत अगदी अचूक नाही, पण नीट पंख असलेल्या रॉकेटला सहसा सावध उत्तर देते, खरं दाबकेंद्र त्याहून थोडं मागेच असतं. अचूक आकडा हवा तर ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या सूत्रांवर चालतं.

तिन्ही रूपांची मापं घेऊन इथे टाका. आणि ताई, एका उड्डाणात एकच गोष्ट बदला. तिसऱ्या वेळी तुम्ही क्लेही काढली आणि पंखही कापले, त्यामुळे नेमकं कशाने बिघडलं ते सापडेना.

उद्यमनगर_लेथ

मास्तरांनी उडायचं सांगितलं, मी फुटायचं सांगतो, कारण ६० पीएसआयला जायचं असेल तर ते आधी बघायला लागतंय.

बाटली फक्त सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची. साध्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नको. ओरखडे पडलेली, उन्हात राहिलेली, ग्लू गनने गरम झालेली बाटली टाकून द्या. पंख गरम गोंदाने चिकटवले असतील तर ती बाटली बाद समजा. पंखांचा वेगळा पुठ्ठ्याचा घेर करा आणि तो टेपने बाटलीवर चढवा, म्हणजे बाटली बदलली तरी पंख तेच राहतात.

नवी बाटली आली की आमच्याकडे व्हॉल्व्हची करतात तशी हायड्रो टेस्ट. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा नको, बादलीत ठेवून ९० पीएसआयपर्यंत दाब द्यायचा आणि पाच मिनिटं सोडायची. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी नुसता फस्स आवाज येतो. हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात. पास झाली की बाटलीवर तारीख लिहा, दहा-बारा उड्डाणांनंतर रिटायर.

लाँचरला अर्धा इंची प्लंबिंगचा जाड यूपीव्हीसी पाइप आहे का बघा. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी, बाटलीच्या तोंडात बरोबर बसतो. शेतीचा २० मिमी पाइप घातला असेल तर तो डुगडुगणार आणि रॉकेट सुटतानाच वाकडं होणार. पाइप बाटलीत निदान २५ सेंमी आत जाऊ दे. हवा भरायला टायरच्या दुकानातला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह पाइपच्या टोकाच्या झाकणात (एंड कॅप) बसवा, आणि पंपाची नळी पाच मीटर तरी लांब ठेवा. पोरीच्या डोळ्यांवर गॉगल पाहिजेच, वेल्डिंगवाल्यांकडे पांढऱ्या काचेचा मिळतो. नाकाच्या टोकाला बोल्ट, खिळा, धातूचं काही नको. अर्धा कापलेला टेनिस बॉल बसवा.

आणि जो कोणी फटाक्याची दारू भरा म्हणेल त्याचं ऐकू नका. परवान्याशिवाय ते बनवणं गुन्हा आहे, आणि दारूने भाजलेला हात मी लई जवळनं बघितलाय.

खोडवा

जागेचं मी सांगतो. उजळाईवाडी, गोकुळ शिरगावच्या बाजूला जाऊ नका, तिकडे विमानतळ आहे. मसाई पठारावर जागा भरपूर, पण वारा तुमचं ऐकणार नाही. सगळ्यात बरं म्हणजे ऊस तुटून गेलेलं रान. आत्ता तोडणी चालू आहे, बावडा, शिये, वडणगे भागात अशी रानं सापडतील. मालकाला विचारून जा. पोरीचं रॉकेट आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार नाही. चारी बाजूंनी शंभर मीटर मोकळं बघा, विजेच्या तारा लांब पाहिजेत, आणि उभ्या उसापासून लांब.

वेळ सकाळी सात. आमच्याकडे दुपारी वारा चढतो, औषध फवारायचं तरी आम्ही सकाळी उरकतो. एक उदबत्ती लावून धरा. धूर सरळ वर गेला तर उडवा.

बावड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीने पुठ्ठा कापून मापं घेतली. सगळी नाकापासून, सेंटीमीटरमध्ये:

मूळ पंख, क्ले नाही: गुरुत्वमध्य ३०, दाबकेंद्र ४६.
मूळ पंख, क्ले ८० ग्रॅम: गुरुत्वमध्य २१, दाबकेंद्र ४६.
निम्मे पंख: गुरुत्वमध्य २८, दाबकेंद्र ३३.

लाँचरचा पाइप शेतीचाच निघाला, आणि जेमतेम दहा सेंमी आत जातो.

पेठेतला_मास्तर

लेकीला शाबासकी सांगा, मापं स्वच्छ आहेत. आता बघा: पहिल्यात १६ सेंमी, म्हणजे साधारण दीड व्यास. क्ले घातल्यावर २५, सव्वादोन व्यासांच्या पुढे. निम्म्या पंखांना फक्त ५, अर्धा व्याससुद्धा नाही.

म्हणजे तुमचं पहिलं रॉकेटच बरोबर होतं. त्याला हात लावायची गरज नव्हती. चुकलं ते पाणी, पाइप आणि दुपारचा वारा. मूळ मापाचे पंख पुन्हा करा, क्ले विसरा.

पॅराशूटसाठी कचऱ्याच्या मोठ्या पिशवीतून ६० सेंमी व्यासाचा गोल कापा, आठ दोरे लावा. दोनशे ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला चारेक मीटरने उतरेल. नाक सैल बसवा. वर वेग संपला की ते आपोआप सुटून पडतं आणि पॅराशूट ओढून काढतं. सैल म्हणजे किती, तर रॉकेट उलटं धरून हलकासा झटका दिला की निघावं, नुसतं उलटं धरून निघू नये. पॅराशूट चढवल्यावर गुरुत्वमध्य पुन्हा मोजा.

उंचीसाठी कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि खडा. लाँचरपासून ४० मीटरवर उभं राहून सर्वोच्च बिंदूचा कोन घ्यायचा. ४० गुणिले त्या कोनाचा टॅन, अधिक डोळ्यांची उंची.

बावड्याची_आई

आज सकाळी शियेजवळच्या तुटलेल्या रानात गेलो. उदबत्तीचा धूर अगदी सरळ. नवा पाइप २८ सेंमी आत, पाणी ६०० मिली, बाटली हायड्रो टेस्ट केलेली.

५० पीएसआय: सरळ वर. कोन ३५ अंश, म्हणजे २९ मीटर. नाक सुटलं, पण दोरे गुंतले. ढेकळांत पडलं, टेनिस बॉलमुळे काही मोडलं नाही.

६० पीएसआय: कोन ४२ अंश, ३७ मीटर. पॅराशूट उघडलं! काळी पिशवी फट्कन फुगली आणि रॉकेट डुलत डुलत आमच्यापासून वीस पावलांवर उतरलं. बांधावर दात घासत उभ्या असलेल्या आजोबांनी हातातलं तांब्याभांडं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

एक राहिलं. वर जाताना रॉकेट स्वतःभोवती गिरकी घेतं. घरी येऊन बघितलं तर एक पंख किंचित तिरका आहे.

उद्यमनगर_लेथ

एवढं उडलंय म्हणजे जिंकलं पोरीनं! गिरकी त्या पंखाचीच. डोळ्यांच्या अंदाजाने रेघ मारू नका. पंखांच्या घेरावर लोखंडी अँगल (एल आकाराची पट्टी) उभा टेकवायचा. गोल वस्तूवर तो आपोआप सरळ बसतो. त्याच्या कडेने पेन्सिल ओढायची. घेराभोवती कागद गुंडाळून त्याच्या चार सारख्या घड्या घाला, की चार पंखांच्या जागा मिळाल्या.

बावड्याची_आई

काका, तुमच्याकडे अँगलचा हातभर तुकडा असेल तर शनिवारी दुकानात येऊ का? लेकीला रेघ तिथेच तुमच्यासमोर मारायची आहे. रविवारी सातला पुन्हा त्याच रानात. या वेळी फक्त पंख बदलणार, पाणी ६०० आणि दाब ६० तसाच.

उद्यमनगर_लेथ

या की. दहानंतर कधीपण. घेर आणि पेन्सिल घेऊन या, अँगल काढून ठेवतो.