अमेरिकेतला चीजबर्गर: तुमचे किस्से येऊ द्या

लेकीनं परवा विचारलं, "बाबा, हॅमबर्गरमध्ये हॅम नसतं, मग चीजबर्गरमध्ये चीज कसं काय असतं?" हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं गाव, त्यावरून हॅमबर्गर, त्याचं शेपूट तोडून लोकांनी बर्गर हा वेगळाच शब्द केला आणि मग त्याच्या आधी वाट्टेल ते जोडत सुटले, एवढं सांगेपर्यंत बाईसाहेब पसार. असो. खाणाऱ्यांनी, न खाणाऱ्यांनी, सगळ्यांनी लिहा.

~~~

मी न खाणारी. १९९८, ओहायो, नवीन नवीन. चीज म्हटलंय म्हणजे व्हेजच असणार अशी माझी समजूत, नशीब नवरा सोबत होता. मग "विदाउट मीट" सांगितलं तर काउंटरवरच्या पोरानं तीनदा विचारून खात्री केली. हातात आला पाव, चीज आणि काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या, पैसे मात्र पूर्ण! पुढे कॅलिफोर्नियात गेल्यावर कळलं की इन-एन-आउट नावाच्या बर्गरवाल्यांकडे नुसतं "ग्रिल्ड चीज" म्हटलं की काम होतं, बोर्डावर लिहिलेलं नसलं तरी.

~~~

डेन्व्हरला स्पीअर बुलेवार्डवर चीजबर्गरच्या नावानं चक्क एक दगड उभा केलाय. तिथल्या ड्राइव्ह-इनवाल्या लुई बॅलास्टनं १९३५ मध्ये या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता. कॅलिफोर्नियातले पॅसाडेनावाले म्हणतात आमच्याकडे १९२० च्या दशकातच होतं. चालू द्या, आपण तरी मिसळीवरून कमी भांडतो का.

~~~

शेजारच्या आजोबांकडे दर उन्हाळ्यात ग्रिल पेटतो. एकदा मी हौसेनं महागातलं जुनं चेडार घेऊन गेलो, तर ते तापल्यावर तेल सोडून गोळा झालं. आजोबा हसले, फ्रीजमधून ते पिवळं प्लास्टिकात गुंडाळलेलं अमेरिकन चीज काढलं, पॅटी उतरवायच्या अगदी आधी वर टाकलं, झाकण लावलं. उघडलं तर चारी कोपरे ओघळून मांसाला चिकटलेले. त्यात एमल्सिफायर मीठ, म्हणजे तेल-पाणी वेगळं होऊ न देणारं मीठ असतं म्हणून ते फुटत नाही. चव यथातथाच, पण वितळावं तर त्यानंच.

~~~

माझा किस्सा खाण्याचा नाहीच. नवीन नोकरी, क्लायंटची मोठी तक्रार आलेली, मॅनेजर मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला "इट्स अ नथिंगबर्गर." म्हणजे फुसका बार, काही दम नाही त्यात. मला वाटलं जेवण मागवतायत, मी म्हटलं, "नो बीफ फॉर मी प्लीज."

अजून चिडवतात.