'नेग्रेस'ला मराठीत काय म्हणावे?

अनुस्वार : प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचे भाषांतर करताना एका ठिकाणी अडले आहे. मारी-गियमीन बनुआ या फ्रेंच चित्रकर्तीने रंगवलेले, आता लूव्र संग्रहालयात असलेले एका स्त्रीचे चित्र १८०० साली 'नेग्रेसचे व्यक्तिचित्र' म्हणून मांडले गेले ('नेग्रेस' म्हणजे 'निग्रो स्त्री', आज अपमानकारक मानला जाणारा फ्रेंच शब्द). पुढे ते 'कृष्णवर्णीय स्त्रीचे' झाले आणि २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील प्रदर्शनात 'मादलेनचे व्यक्तिचित्र' झाले. पहिल्या नावासाठी मी 'हबशी स्त्री' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून तेथेही 'कृष्णवर्णीय' केले. योग्य काय?

पोथीवाला : हबशी म्हणजे हबसाणातला, अर्थात अबिसिनियातला, आजच्या इथिओपियातला. मलिक अंबर हबशी खराच. पण मादलेन कॅरिबियनमधील ग्वादलूपची. तिला हबशी म्हणणे म्हणजे भूगोलाला फाटा देणे.

उभा दंड : बोलीत कोणत्याही आफ्रिकी माणसाला सर्रास हबशी म्हटले जाते, तेही बहुधा हिणवून, तेव्हा व्युत्पत्तीचा धाक कशाला? माझा आक्षेप 'कृष्णवर्णीय'ला आहे. दोन्ही नावांसाठी एकच सोज्वळ शब्द वापरला, तर संग्रहालयाला नाव बदलावेसे का वाटले, हेच मराठी वाचकाला कळणार नाही. जुना शब्द अवतरणात 'निग्रो स्त्री' असा, त्याच्या अपमानासकट द्यावा.

काना-मात्रा : तो अपमान दर पाटीवर पुन्हा छापायचा का? ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ साली सिमोन मारिस या डच चित्रकाराच्या चित्राच्या नावातली 'निग्रो मुलगी' काढून 'पंखा घेतलेली तरुणी' केले, ते मला पटते.

उभा दंड : मला अर्धेच पटते. शिवी गेली हे बरे झाले. पण त्या नव्या नावात ती कोण होती याऐवजी तिच्या हातात काय आहे, एवढेच उरले! मादलेनला निदान नाव तरी परत मिळाले.

पोथीवाला : ओघात आणखी एक. हल्ली 'गुलाम' टाळून 'गुलाम केलेली माणसे' लिहितात. अरबीत 'गुलाम' म्हणजे मुळात मुलगा, पोरगा. मग एवढे लांबण कशाला?

काना-मात्रा : कारण वाचणारा मराठी आहे, अरब नव्हे. 'गुलाम' म्हटले की ती जन्मजात जात वाटते. 'केलेली' म्हटले की कोणी केली, हा प्रश्न उभा राहतो. फ्रान्सने १७९४ साली वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली आणि १८०२ साली पुन्हा आणली. तेथे 'केलेली' हाच शब्द नेमका बसतो.

पोथीवाला : मग मलिक अंबरला 'गुलाम केलेला सेनापती' म्हणणार का?

काना-मात्रा : 'गुलाम म्हणून विकला गेलेला' म्हणेन. त्यात काय बिघडते?

अनुस्वार : माझ्या 'नेग्रेस'चे काय ठरले?

पोथीवाला : आधी 'सिद्दी'चे पाहू. तो शब्द 'सय्यदी', म्हणजे 'माझे धनी' यावरून आला असे मानतात, आता बोला.