वारशाने आलेली लाकडी कनो कोणाच्या हाती द्यावी?

धागा मांडणारा
मामांच्या पश्चात त्यांची १७ फुटी लाकडी कनो, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, माझ्याकडे आली आहे. सीडरच्या पातळ फळ्या, त्यांना आतून धरणाऱ्या वाफेवर वाकवलेल्या फासळ्या आणि बाहेरून ताणून रंगवलेले कॅनव्हास, अशी तिची बांधणी आहे. मला वल्हवता येत नाही आणि ती ठेवायला जागाही नाही. एक गृहस्थ ती मधोमध कापून पुस्तकांचे कपाट करू म्हणतात, पैसेही बरे देतात; पण माझे मन घेत नाही. होडी पाण्यात नेणाऱ्यालाच द्यावी, मग ती फुकट द्यावी लागली तरी चालेल, असे माझे मत आहे.

पहिला प्रतिसाद
असहमत. नेदरलँड्समध्ये १९५५ साली सापडलेली पेस्से येथील होडी सुमारे १०,००० वर्षांची आहे आणि ती आज पाहायला मिळते, ती कोणी ती वल्हवत राहिले म्हणून नव्हे. संग्रहालयाला विचारा.

दुसरा प्रतिसाद
पेस्सेची होडी एकाच ओंडक्यातून कोरलेली आहे; आपली साच्यावर बांधलेली असणार आणि तशा हजारो झाल्या. कॅनडातील पीटरबरो येथील कनो संग्रहालयात ६०० हून अधिक होड्या असताना, मागची हकीकत ठाऊक नसलेली आणखी एक ते कशाला घेतील? आधी टोकाच्या लाकडावर आतल्या बाजूस ठोकलेला क्रमांक शोधा. होडी ओल्ड टाऊन या कनो बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची निघाली, तर त्या क्रमांकावरून जुन्या नोंदींत तिची लांबी, लाकूड, मूळ रंग आणि रवानगीची तारीखही सापडू शकते. शिवाय ही बांधणी मुळातच दुरुस्तीसाठी आहे: काही दशकांनी कॅनव्हास बदलायचे आणि मोडलेली फासळी तेवढी काढून नवी बसवायची. तिला काचेमागे ठेवणे मला तरी पटत नाही.

तिसरा प्रतिसाद
फुकट मात्र देऊ नका. फुकट नेणारा पहिल्या गळतीलाच वरून फायबरग्लास चढवतो, आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजते. ‘पाण्यातच न्या’ ही अट तरी आपण कशी पाळून घेणार? एकदा दिली की दिली. लाकूड गेलेच असेल, तर कपाट करण्यात पाप नाही.

धागा मांडणारा
काल होडी उलटी करून सगळीकडे आरी टोचून पाहिली. दोन्ही टोकांना चार-चार बोटे लाकूड भुसभुशीत झाले आहे, कारण ती बरीच वर्षे जमिनीला टेकून उभी होती. फासळ्या मात्र खणखणीत आहेत. ओल्या फडक्याने पुसल्यावर क्रमांकही दिसला. तिसऱ्या प्रतिसादातील फायबरग्लासचा मुद्दा मान्य आहे, त्यामुळे फुकटचा विचार सोडला. आतापर्यंत दोघांनी चौकशी केली. एकाने ती दिवाणखान्यात मावेल का, असे विचारले. दुसऱ्याने किमतीआधी टोकांची अवस्था विचारली. दुसऱ्याला रविवारी बोलावले आहे.