सेकंडहँड बाईक चालता चालता बंद पडते, रिकॉल आलाय का कसं कळणार?

घोडबंदरकर: नमस्कार. माझी 150 सीसी बाईक 2022 ची, मागच्या दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली. रोज कासारवडवली ते महापे. माजिवड्यापर्यंत छान पळते. कळवा नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तापली की मिसिंग सुरू, म्हणजे इंजिन अडखळतं, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून निघताना बंदच पडते. परवा मागे डंपर होता, हातपाय गार पडले. सर्व्हिस सेंटरवाले टाकी साफ करून बिल लावतात. रिकॉल, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात का, असं विचारलं तर म्हणे, ‘आला असता तर मालकाला कळवलं असतं.’ त्यांच्या रेकॉर्डला पहिला मालक आहे, मग मला कोण कळवणार?

पाना_पकड (कळवा): दादा, रिकॉल चेसिस नंबरवर निघतो. मालक बदलला तरी काम फुकटच करून द्यावं लागतं. नंबर आरसीवर आहे आणि हँडलखाली गाडीच्या मानेवर कोरलेला असतो. दोन्ही जुळतात का आधी बघा, सेकंडहँड आहे म्हणून सांगतो. मग कंपनीच्या वेबसाइटवर टाका. नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी (ठिणगीला वीज पुरवणारा पार्ट) 2,36,966 गाड्या बोलावल्या, त्या फक्त डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 मधल्या. त्यातही पार्ट बदलावा लागेल अशा 10 टक्क्यांहून कमी, असा कंपनीचाच अंदाज होता.

पण पाण्यातून गेल्यावर बंद पडते म्हणजे माझा पहिला संशय प्लग कॅपवर, म्हणजे स्पार्क प्लगवर बसणाऱ्या टोपीवर. रात्री अंधारात गाडी चालू ठेवा, कॅप आणि कॉइलच्या वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा. चीर असेल तर निळी ठिणगी बाहेर उडताना दिसेल. हात लावू नका, जबर झटका बसतो. कोरड्यातही तापल्यावर मिसिंग येत असेल तर कॉइल बघा. थंड कॉइल मीटरवर बऱ्याचदा चांगलीच दिसते, म्हणून गरम असतानाच तपासायला लावा.

आणि तक्रार तोंडी सांगून येऊ नका. जॉब कार्डवर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या कागदावर, ‘चालती गाडी बंद पडते’ असं लिहूनच घ्या. नुसतं ‘टाकी साफ केली’ लिहिलेलं असेल तर उद्या तुमच्या हातात काहीच नाही.

वाशी_रायडर: पूर्वी रिकॉल कंपनीच्या मर्जीवर होता. 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकारही तो करायला लावू शकतं. त्यासाठी एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी जमाव्या लागतात, म्हणून परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार टाकाच. गॅरेजमध्ये पैसे भरून गप्प बसलेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

घोडबंदरकर: दोघांचे आभार. नंबर जुळला, पण रिकॉलमध्ये नाही. फवारा मारला तर कॅपच्या मुळाशी निळं चमकलं! कॅप बदलली, पाण्यातून गाडी नीट निघते. तापल्यावर थोडं मिसिंग अजून आहे. शनिवारी घरून थेट सेंटरला नेतो, गरम आहे तोवर कॉइल तपासून घेतो आणि जॉब कार्डवर लिहूनही घेतो.