मदत हवी आहे: ए/बी टेस्ट मध्येच थांबवणाऱ्यांना कसं आवरता?

चेकआउट (पैसे भरायच्या) पानाची टेस्ट आहे: अर्ध्या व्हिजिटरना जुनं पान, अर्ध्यांना नवं, आणि कुठलं जास्त चालतं ते बघायचं. कन्व्हर्जन रेट (येणाऱ्यांपैकी खरेदी पूर्ण करणारे) ३ टक्के, तो ३.३ झाला तर पकडायचाय. ९५ टक्के कॉन्फिडन्स (फरक नसताना तो दिसायची शक्यता ५ टक्केच), ८० टक्के पॉवर (एवढा फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता) धरली तर प्रत्येक बाजूला साधारण ५३ हजार व्हिजिटर लागतात. दोन्ही बाजू मिळून रोजचे येतात ५ हजार, म्हणजे तीन आठवडे. पण चौथ्या दिवशी डॅशबोर्ड हिरवा दिसला (नवं पान पुढे) की मार्केटिंगवाले म्हणतात, "जिंकलो, लाइव्ह करा!" रोज डोकावून हवं तिथे थांबलं की खोटे विजेते वाढतात, हे सांगितलं, माना डोलतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता टेस्टआधीच गृहीतक, मुख्य मेट्रिक (ज्या आकड्यावर निकाल ठरणार) आणि थांबायची तारीख एका पानावर लिहून मार्केटिंग, डिझाइन, डेव्हलपर तिघांकडून होकार घ्यायचाय. त्यात आणखी काय हवं? डॅशबोर्ड सगळ्यांना बंद ठेवता का? (रुसवे होतातच.) आणि पेमेंटच अडकायला लागलं, तर टेस्ट तत्काळ बंद करायचा अधिकार कुणाकडे ठेवता?